अण्णांचे पाचशे एमबी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. पिंपळ, पांढरी साडी, घाटात बंद पडलेली गाडी... ऑफिसात डबा खाताना मी ते आवाज काढून वाचून दाखवायचो. मी सर्व्हर सांभाळणारा माणूस. आमच्या धंद्यात भूत नसतं, लॉग असतो. मशीननं काही केलं, तर का केलं ते कुठंतरी लिहिलेलं असतंच. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कामावर नवीन येणाऱ्यांना मी पंधरा वर्षं हेच सांगत आलोय. आता माझ्याच घरातल्या मशीनबद्दल लिहायला बसलोय आणि लॉग कोरा आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मी तुमच्या जागी असतो तर हसलोच असतो.

आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. दुमजली घर. वर मी, बायको स्नेहल आणि मुलगी रेवा. खाली आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा मूळचे कुरुंदवाडचे, तिथंच हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. रिटायर झाल्यावर दोघं आमच्याकडं आले.

जिन्याखाली एका स्टुलावर आमच्या घरचा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, ऑफिसनं मोडीत काढलेलं एक जुनं मशीन. मी ते उचलून आणलं, लिनक्स टाकलं आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक खातं काढून दिलं. फोटो, कागदपत्रं, जे काय असेल ते आपापल्या खात्यात ठेवायचं. स्नेहल म्हणायची, "घरात माणसं पाच आणि ह्यांचा थाट कलेक्टर ऑफिसचा."

आईला टाइप करता यायचं नाही. तिनं फोनवर बोलून निरोप पाठवायची कला मात्र पटकन शिकून घेतली. अण्णा पलीकडच्या खोलीत असले तरी हिचा व्हॉइस मेसेज. "अहो, गॅस बंद केला काय बघा." "कोथिंबीर आणलीसा ती कुठं ठेवलीसा?" ती अचानक गेली. दुपारी जरा आडवी झाली होती, उठलीच नाही. सगळं आवरल्यावर मी अण्णांच्या फोनमधून तिचे सगळे मेसेज काढले आणि त्यांच्या खात्यात ठेवले. दोनशे चौदा निघाले. अण्णा रोज जेवण झालं की खालच्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि त्यातले चार-पाच ऐकायचे. दारातून बघणाऱ्याला आवाज यायचा नाही. नुसती अण्णांची मान हलताना दिसायची, हो-हो म्हटल्यासारखी. मग ते आडवे व्हायचे.

आई गेल्यानंतरच्या पर्युषणात अण्णांनी व्रत घेतलं. आम्ही जैन. आमच्यात परिग्रह-परिमाण म्हणून एक व्रत असतं. आपल्याकडं किती वस्तू असाव्यात त्याची हद्द आपणच ठरवायची, आणि मरेपर्यंत त्या हद्दीच्या पुढं जायचं नाही. नवीन सदरा हवा असेल तर जुना देऊन टाकायचा. अण्णांनी दोनशे पानी वही घेतली आणि चित्रकलेच्या मास्तराच्या सुंदर अक्षरात लिहून काढलं. धोतरं चार, सदरे चार, टोप्या दोन, ताट एक, तांब्या एक, रंगाची पेटी एक, ब्रश सहा. ब्रशवर बराच वेळ अडले होते, ते मला आठवतंय. आधी आठ लिहिलं होतं, ते खोडून सहा केलं.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, एक महाराज चातुर्मासाला उतरले होते, त्यांच्यासमोर व्रत घ्यायचं होतं. मी सोडायला गेलो होतो. वही वाचून झाल्यावर अण्णांनी विचारलं, "महाराज, माझं कॉम्प्युटरात बी थोडं सामान हाय. ते दिसत न्हाय, हाताला लागत न्हाय. ते धरायचं का न्हाय परिग्रहात?"

मला हसू आलं. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यात जीव अडकतो का?"

अण्णा म्हणाले, "अडकतो की."

"मग धरा."

घरी आल्या आल्या अण्णांनी मला जिन्याखाली उभं केलं. "अजित, माझ्या खात्याला हद्द घाल."

मी म्हटलं, "अण्णा, डिस्क केवढी मोठी आहे तुम्हाला माहिताय का? तुमचं सामान म्हणजे ताटातलं मीठ."

"डिस्कची हद्द इचारली न्हाय मी. माझी घाल."

त्यांच्या खात्यात तेव्हा साधारण साडेचारशे एमबी भरत होते. आईचे मेसेज, त्यांच्या जुन्या चित्रांचे स्कॅन, कृष्णेच्या घाटाची, पंचगंगेवरच्या नावांची. ते म्हणाले, "पाचशे कर. पाच अणुव्रतं, पाचशे एमबी." एवढं मोजून मापून बोलणारा युजर मला नोकरीत कधी भेटला नव्हता.

असली हद्द घालायची टूल्स असतात, त्याला कोटा म्हणतात. ऑफिसात आम्ही वापरतो. कुणी सिनेमे भरून ठेवायला लागला की त्याच्या जागेला कुलूप. घरी कधी गरज पडली नव्हती, ती त्या दिवशी फक्त एका माणसासाठी बसवली. बसवताना मी त्यांना समजावून सांगत होतो, कारण शेजारी खुर्ची ओढून ते बसलेच होते. "यात दोन हद्दी असतात अण्णा. एक मऊ आणि एक कडक. मऊ हद्द ओलांडली तर सात दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात आवरून घ्यायचं."

"सवलत कशाला? व्रताला सवलत असती व्हय रे?"

"बरं. मग थेट कडक."

"कडकच घाल."

हद्द भरली की स्क्रीनवर चौकट यायची, 'डिस्क कोटा एक्सीडेड'. अण्णांना ते वाचून काय कळणार म्हणून मी ती चौकट लाल करून दिली. लाल चौकट आली की जागा संपली. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पहिल्यांदा आली तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले होते. मला वर हाक मारून दाखवली. "बघ, नको म्हणालं मला!"

आता यात चूक कुठं झाली ते सांगतो. चूक माझी, पूर्णपणे माझी.

रेवा तेव्हा सात वर्षांची. अण्णा तिला रोज संध्याकाळी चित्र काढायला शिकवायचे. तिचं चित्र पुरं झालं की त्याचा फोटो काढून स्वतःच्या खात्यात ठेवायचे, खाली तारीख घालून. आठवड्याला तीन-चार चित्रं. जागा लवकरच भरली. मग नवीन चित्र आलं की काहीतरी काढायचं. आधी त्यांनी स्वतःचे स्कॅन काढले. घाट गेला, नावा गेल्या. मला पत्ताच नव्हता. एके दिवशी त्यांच्या मशीनवर प्रिंटर जोडायला बसलो आणि सहज आईचं फोल्डर उघडलं, तर आत एकशे चाळीसच मेसेज.

मी ओरडलोच. "अण्णा! आईचे मेसेज कुठं गेले?"

"काढले."

"काढले म्हणजे? पुसले?"

"रेवाच्या एका चित्राला तिचे एक-दोन निरोप जातात. मी आधी ऐकतो आणि मग काढतो."

"अहो पण आईचा आवाज आहे तो!"

अण्णा शांतपणे चष्मा पुसत होते. म्हणाले, "पाठ झालंय मला अजित. पाठ झालेलं ठिवून काय करायचं? पोरीचं रोज नवीन येतंय. त्याला जागा नको?"

मी फार बोललो त्या दिवशी. डिस्क मोकळी पडलीय, एवढ्याशा फायलींनी कुणाचं काय बिघडतंय, हे असलं व्रत म्हणजे आईला दुसऱ्यांदा घालवणं... हे शेवटचं वाक्य मी खरंच बोललो. अण्णांनी चष्मा लावला आणि रेवाला हाक मारून तिच्या चित्रातला रंग बघत बसले. आईचे मेसेज तसे हरवले नव्हते. माझ्याकडं बॅकअप होता, त्यातून दोनशे चौदाच्या दोनशे चौदा मी माझ्या खात्यात काढून घेतले. पण ते रोज दुपारी तिथं बसून एकेक ऐकून पुसतायत, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

दुसऱ्या रविवारी सकाळी अण्णा बस्तीत गेले असताना मी कोटा काढून टाकला. काय केलं ते सांगतो, कारण पुढं यावरच सगळं आहे. हद्द बंद केली. डिस्कच्या सेटिंगमधून तिचा उल्लेख काढला. जिथं कोण किती जागा वापरतो ते लिहिलं जातं ती फाइल पुसली. मग ते टूलच मशीनवरून मुळासकट काढलं आणि मशीन बंद करून परत चालू केलं. अण्णांच्या खात्यात पाच जीबीची एक खोटी फाइल टाकून बघितली. गेली. ती पुसली. काम फत्ते. म्हणजे लाल चौकट दाखवणारं कुणी त्या मशीनमध्ये उरलेलंच नव्हतं.

स्नेहल चहा घेऊन आली आणि मी काय करतोय ते तिला कळलं. ती म्हणाली, "अहो, त्यांनी व्रत घेतलंय. त्यांच्या नकळत मोडलं तर त्याचं पाप कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "लाव माझ्या नावावर."

"असं लावता येत असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

अण्णांना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. त्यांना आता चौकट येणार नाही, मग ते काही पुसणार नाहीत, आणि त्यांना वाटेल की अजून जागा आहे. विषय संपला. असा माझा शहाणपणा.

दोन-तीन आठवड्यांनी जेवताना ते सहज म्हणाले, "काल लाल चौकट आली. दोन निरोप काढले, मग रेवाचा मोर बसला."

चोराच्या मनात चांदणं. माझा घास तसाच राहिला. पण मी स्वतःची समजूत घातली की हे आधीचं आठवून बोलतायत, वय झालंय, काल आणि महिन्यापूर्वी यात गोंधळ होतो. उठून बघावंसं वाटलं होतं. बघितलं नाही, कारण बघायला बसलो असतो तर ते शेजारी खुर्ची ओढून बसले असते, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. नंतरही कधी मधी ते चौकटीचं म्हणायचे. मी हां हां म्हणायचो.

आठ महिने असे गेले. मग अण्णांना धाप लागायला लागली. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नऊ दिवस होते. आठव्या दिवशी जरा बरं होतं. सकाळचं ऊन कॉटवर आलं होतं आणि स्नेहलनं आणलेली पेज त्यांनी अर्धी वाटी घेतली. अर्धी का, तर दवाखान्यातही त्यांनी स्वतःला हद्द घालून घेतली होती. मी त्यांचे हात पुसत होतो. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "अजित, तू ते बसवलंयस न्हवं कॉम्प्युटरात, जागा संपली म्हणणारं..."

मला वाटलं, यांना कळलं.

"लई चांगलं बसवलंयस बघ," ते म्हणाले. "माणूस चुकतो. मी तीनदा चुकत हुतो, त्यानं धरलं मला. एकदा बी चुकलं न्हाय ते. तुझ्यामुळं व्रत पार पडलं माझं."

माझ्या हातात टॉवेल होता. सांगायचं होतं, त्याच वेळी सांगायचं होतं. अण्णा, ते मी काढलंय. आठ महिने झाले. तुमचं व्रत कधीच मोडलंय आणि मीच मोडलंय. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता की माझ्या तोंडातून फक्त "हां अण्णा" एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

रक्षाविसर्जन झालं, पै-पाहुणे आले आणि गेले. निपाणीहून माझी बहीण आली होती, आम्ही तिला अक्का म्हणतो. तीही परत गेली. जाताना म्हणाली, "अण्णांचं आणि आईचं जे काय हाय ते एका पेनड्राइव्हवर घालून दे मला." बारा-पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी खाली अण्णांच्या खुर्चीवर जाऊन बसलो. घरात मी एकटाच होतो. बाहेर भंगारवाल्याची आरोळी चालली होती. अगदी साधी सकाळ.

आधी त्यांच्या खात्याचं माप बघितलं. चारशे नव्याण्णव एमबी आणि वर थोडं. पाचशेला दोनेकशे केबी कमी.

मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणजे चौकट नसतानाही अण्णांनी स्वतःच सांभाळलं होतं, वस्तू मोजतात तसं. व्रत मोडलं नव्हतं! मी आत बघितलं. रेवाची चित्रं, ओळीनं, तारखेसह. दुसरं काहीच नाही. घाट नाही, नावा नाहीत. आईच्या फोल्डरमध्ये एकही मेसेज उरला नव्हता. शेवटचा त्यांनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी पुसला होता.

ते रिकामं फोल्डर बघून मला राहवलं नाही. मी ठरवलं, आईचे दोनशे चौदाच्या दोनशे चौदा इथं परत ठेवायचे. माझ्या हद्दीपायी गेले होते, मीच परत आणणार. आता अण्णाच नाहीत, तर कसलं व्रत आणि कसली हद्द? सगळे निवडले, कॉपी केलं.

लाल चौकट आली. डिस्क कोटा एक्सीडेड.

मी त्या चौकटीकडं किती वेळ बघत होतो ते आठवत नाही. मग सवयीनं हात कामाला लागले. कोटा चालू आहे का? नाही. टूल मशीनवर आहे का? नाही, आठ महिन्यांपूर्वी काढल्याची नोंद तेवढी आहे. मोजदादीची फाइल? नाही. डिस्क किती मोकळी आहे? सत्तर टक्के. त्याच फायली माझ्या खात्यात टाकल्या तर? जातात. स्नेहलच्या? जातात. रेवाच्या? जातात. रूट म्हणून, म्हणजे मशीनचा मालक म्हणून, ज्याला कुठलीच हद्द लागू नसते, अण्णांच्या फोल्डरमध्ये टाकल्या... लाल चौकट. जे वाक्य म्हणणारं त्या मशीनमध्ये कुणी नव्हतं, ते वाक्य मशीन पुन्हा पुन्हा म्हणत होतं. याच खात्यात मी स्वतः पाच जीबीची फाइल टाकून बघितली होती.

तेव्हा मला अण्णांची वही आठवली. टेबलाच्या कप्प्यात होती. मागच्या पानांवर त्यांनी लिहिलं होतं, प्रत्येक वेळी चौकट आली की तारीख, आत काय आलं आणि बाहेर काय गेलं. 'रेवाचा मोर आत. दोन निरोप बाहेर, भाजीचा आणि गॅसचा.' मी त्या रविवारची तारीख शोधली, ज्या दिवशी मी सगळं काढलं होतं. त्यानंतरच्या नोंदी दोन पानं भरून होत्या. तीन ठिकाणी लिहिलं होतं, 'विसरून जास्त घालत होतो. चौकट आली. वाचलो.'

म्हणजे आठ महिने त्यांना ती चौकट खरंच येत होती. ते गोंधळलेले नव्हते. बघायला न उठणारा मी होतो.

मी मोठ्यानं रडलो. आई गेली तेव्हा धावपळीत रडायचं राहून गेलं होतं, अण्णांच्या वेळी लोक होते. तिथं खुर्चीवर बसून, अकरा वाजता, भंगारवाल्याच्या आरोळीत, चाळिशी उलटलेला माणूस हुंदके देऊन रडत होता आणि स्क्रीनला म्हणत होता, "अण्णा, आईच हाय की ओ. आता तरी घ्या की आत."

अख्खं जात नसेल तर एकेक घालून बघू, म्हणून मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक फाइल घे, टाकून बघ, नाही गेली तर पुढची घे. चालू केली. नाही. नाही. नाही. दोनशे केबी जागा शिल्लक होती, आणि चाळीस केबीची, वीस केबीची, दोन सेकंदांची 'अहो' एवढीच असलेली फाइलही आत जात नव्हती. दोनशे चौदा ओळी स्क्रीनवरून सरकल्या. मी बंद करणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की मधे एका ओळीसमोर नकार नाहीये.

एक गेली होती. फोल्डरमध्ये एक फाइल दिसत होती. ती सगळ्यांत लहान नव्हती. तिच्यापेक्षा लहान शंभरेक फायली नाकारल्या होत्या. स्क्रिप्ट परत चालवली, उरलेल्या दोनशे तेरापैकी एकही गेली नाही.

मी हेडफोन लावला. हा मेसेज मी कधीच ऐकलेला नव्हता. चौदा सेकंदांचा. बहुतेक त्या वेळचा, जेव्हा आई गल्लीतल्या बायकांबरोबर गाडीनं बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला पुढं गेली होती आणि अण्णा मागनं एसटीनं जाणार होते. मागं वारा होता, बायकांची बडबड होती. आणि आई धापा टाकत, पण खुशीत —

"अहो, मी पोचले हं. पायरीवर सावलीला बसलेय. तुम्ही गडबड करू नकासा, ऊन लई हाय. सावकाश या. मी हाय हितंच."

माझी मान हलत होती, हे मला नंतर कळलं.

पुढं जे करायचं ते सगळं केलं. महांतेश म्हणून माझा ऑफिसातला मित्र आहे, माझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला काही न सांगता घरी आणलं, म्हटलं, हे बघ जरा. त्यानं दोन रविवार घातले. सगळं नव्या डिस्कवर हलवलं, तिथंही अण्णांच्या खात्यात नवं काही जाईना. शेवटी कीबोर्ड बाजूला सारून म्हणाला, "मालक, कारण न्हाय सापडत. कुणाचं खातं हाय हे?"

मी सांगितलं. व्रताचंही सांगितलं. दवाखान्यातलं नाही सांगितलं. तो लिंगायत, घरी रोज इष्टलिंगाची पूजा करणारा. तो म्हणाला, "मग त्यात आणि काय घालायलास? भरलंय की ते." चहा न पिताच गेला.

अक्काला पेनड्राइव्ह दिला. आईचे सगळे मेसेज माझ्या खात्यातून घेतले, रेवाची चित्रं अण्णांच्या. तो एक मेसेज मी अण्णांच्या फोल्डरमधून काढून, त्याच्या जागी दुसरा एखादा जातो का ते बघितलेलं नाही. तपास करायचा तर ते करायला हवं होतं. धाडस होत नाही.

तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर कारण जरूर कळवा, मी आजही ते शोधतोय. डिस्क, केबल, सेटिंग, काहीही असू शकतं. कधीतरी सापडेलही, आणि नाही सापडलं तरी मी त्याच्यासोबत राहू शकेन. ते मशीन अजून जिन्याखालीच आहे आणि कोटा मी परत बसवलेला नाही.

पण अण्णांनी माझ्याकडं बघून "तुझ्यामुळं व्रत पार पडलं" म्हटलं होतं आणि मी "हां अण्णा" म्हटलं होतं. त्यांचं श्रेय मी घेतलं. ते माझं नव्हतं. ज्यानं कुणी आठ महिने त्यांना धरलं, त्याचं होतं. रोज दुपारी जेवण झालं की मी पाच मिनिटं त्या खुर्चीवर जाऊन बसतो. तो चौदा सेकंदांचा मेसेज ऐकतो आणि मग रिकाम्या खोलीत सांगतो, अण्णा, ते मी काढलं होतं.